काळ्या दगडाचे रंग

कालंका देवीचं देऊळ काळ्या दगडाचं आहे, हे अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीत कुणीही सांगेल. मी याच गावात चित्रकला शिकवतो आणि कित्येक वर्षं हे देऊळ ॲक्रिलिक रंगांत रंगवतो आहे. त्या चित्रांसाठी मी काळ्या रंगाची ट्यूब उघडत नाही. हिवाळ्यात सकाळचं तिरपं ऊन भिंतीवर येतं तेव्हा उन्हातला दगड तांबूस तपकिरी दिसतो. त्याच भिंतीचा सावलीतला कोन निळसर जांभळा असतो. भर दुपारी सगळाच दगड राखाडी होतो. पावसात भिजला की त्यात हिरवट झाक येते, आणि तेव्हाच तो काळ्याच्या सर्वांत जवळ जातो.

देवळासमोर रंग कालवत बसलो असताना वर्गातली एक मुलगी मागे येऊन उभी राहिली. "सर, देऊळ तं कायं हाये. तुमी नियं काहून लावून राह्यले?" मी वहीच्या कागदाची बारीक नळी केली आणि तिला म्हटलं, "एक डोळा मीट अन् यातून फक्त तो सावलीतला दगड पाय." तिनं पाहिलं. "अरे बाप्पा, हे तं जांभयं हाये!" नळीतून देऊळ दिसत नाही, देवी दिसत नाही, रंगाचा एक तुकडा तेवढा दिसतो. ठाऊक असलेलं बाजूला सारून दिसतं ते पाहायचं, इथून चित्राचं काम सुरू होतं. ब्रश त्यानंतर बऱ्याच वेळानं हातात येतो.

हा लेख हे पाहणं आणि तयार चित्र यांच्या मधल्या कामाबद्दल आहे. प्रदर्शनात लोक तयार चित्र पाहतात, आणि आमच्या भागात तर तेही क्वचित वाट्याला येतं. कोऱ्या कापडापासून सहीपर्यंत चित्र कसं वाढत जातं, कुठे अडतं, कशानं पुढे सरकतं, हे चित्रकाराच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. ते वाचकांना कळावं असं मला मनापासून वाटतं, कारण प्रक्रिया कळली की चित्र पाहण्यातला आनंद वाढतो.

आधी देवळाविषयी थोडं सांगायला हवं. तिथल्या शिलालेखात शके १०९८ असा काळ आहे, म्हणजे इसवी सन ११७६. आपण याला हेमाडपंती म्हणतो, पण ज्याच्यावरून हे नाव आलं तो यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. हे देऊळ त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीचं. चित्रकाराला यातली महत्त्वाची गोष्ट भिंतींची आहे. त्या सरळ जात नाहीत. ठरावीक अंतरानं आत वळतात, पुन्हा बाहेर येतात, आणि एकाच भिंतीचे अनेक कोन होतात. प्रत्येक कोनावर उजेड वेगळा पडतो. दगडांचे सांधे चुना न भरता बसवलेले, त्यामुळे सांध्याची रेघ अतिशय बारीक आणि सरळ. मूर्तींचे उठाव, आडव्या पट्ट्या, त्या पट्ट्यांच्या खाली पडणाऱ्या सावल्या. रंगवायला बसलं की डोळ्यांची परीक्षाच असते. कोन नीट उतरले तर देऊळ उभं राहतं. मूर्तींचे दागिने कितीही बारीक काढले आणि कोन चुकले, तर चित्र सपाट राहतं.

आता रंगाकडे येऊ. कोणताही रंग म्हणजे भुकटी आणि तिला धरून ठेवणारा बंधक. भुकटी बहुतेक ठिकाणी तीच असते, बंधक बदलतो. जलरंगात बाभळीच्या जातीतल्या झाडाचा डिंक असतो. तैलरंगात जवसाचं तेल, जे आमच्या वऱ्हाडातल्या आयाबायांनी एके काळी फोडणीला वापरलं. अजिंठ्याच्या चित्रांत सरस किंवा डिंक होता. ॲक्रिलिकमध्ये बंधक आहे प्लॅस्टिकच्या जातीचं राळेसारखं द्रव्य, अतिशय सूक्ष्म कणांच्या रूपात पाण्यात पसरवलेलं. दुधात स्निग्धांश पसरलेला असतो तसंच. ओट्टो रोम या जर्मन रसायनतज्ज्ञानं ॲक्रिलिक राळेच्या रंगातल्या वापराचं पेटंट १९१५ साली घेतलं होतं. चित्रकारांसाठीचे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग मात्र अमेरिकेत १९५५च्या सुमारास बाजारात आले. म्हणजे तैलरंगाची परंपरा शतकांची आणि या माध्यमाचं वय अजून शंभरही नाही. आपल्याकडे चित्रकलेचं सामान घराघरांत पोहोचवलं ते दांडेकरांच्या कॅम्लिननं. मराठी उद्योग म्हणून १९३१ साली शाईपासून सुरू झालेल्या या कंपनीचे उंट छापलेले रंग आजही आमच्या मुलांच्या दप्तरात असतात.

रंगातलं पाणी उडून जातं, सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात, आणि त्यांची लवचीक पापुद्र्यासारखी पातळ फिल्म तयार होते. एकदा ती झाली की पाण्यानं विरघळत नाही. जलरंग वाळल्यावरही ओल्या ब्रशनं हलवता येतो. तैलरंग कित्येक दिवस ओला राहतो आणि त्यात रंगातून रंग मिसळत राहता येतं. ॲक्रिलिकमध्ये तसं नाही. खालचा थर वाळला की तो कायमचा. त्यावर दुसरा थर द्यायचा, आणि देताना खालचा किती झाकायचा, किती उघडा ठेवायचा, हे ठरवायचं. माझ्या मते या माध्यमाची सगळी कला या एका निर्णयात आहे, आणि तो निर्णय चित्र संपेपर्यंत पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो.

पहिलं काम रेखाटनाचं. मी देवळासमोर बसून तळहाताएवढ्या चौकटींत पेन्सिलीनं छोटी रेखाटनं करतो. त्यात तपशील नसतो. फक्त तीन छटा: गडद, मधली, उजळ. डोळे किलकिले केले की बारीकसारीक पुसलं जातं आणि या तीन छटांचे मोठे तुकडे दिसतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या शासकीय रेखाकला परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी वस्तुचित्रासाठी हेच शिकवतो. कळशी, कांदे, मागचा कपडा, जे काही समोर असेल ते आधी तीन छटांत बसवा. ते बसलं की अर्धं चित्र झालं.

मोबाइलवर फोटोही काढतो, पण त्याचा उपयोग मर्यादित ठेवतो. कॅमेरा उन्हातला दगड पांढुरका करतो आणि सावलीतला काळाकुट्ट. जे जांभळं, निळं डोळ्याला दिसत होतं तेच नेमकं हरवतं. त्यामुळे सांध्यांची जागा, मूर्तींची प्रमाणं फोटोवरून घ्यायची आणि रंग जागेवर केलेल्या टिपणांवरून. टिपणं शब्दांतही असतात: "डावा कोन – अल्ट्रामरीन जास्त", "जोत्याजवळ मातीचा तांबडा उजेड". जमिनीवरून परतून आलेला हा तांबडा उजेड फोटोत जवळजवळ कधीच येत नाही, आणि तो चित्रात आला नाही तर देऊळ जमिनीवर टेकल्यासारखं वाटत नाही.

रचना करताना समोर आहे तसंच सगळं काढलं पाहिजे असं मी मानत नाही. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करता करता मोठे चित्रकार झालेल्या सुधीर पटवर्धनांचं 'लोअर परळ' हे २००१ सालचं ॲक्रिलिक चित्र आहे. त्यात शहर एका जागी उभं राहून पाहिलेलं नाही. नजर पूल ओलांडते, वळते, खाली उतरते, आणि चित्रात हे सगळं एकत्र मावतं. मी त्यापासून शिकलो. देवळाचे दोन कोन एका जागेवरून एकाच वेळी दिसत नसले, तरी फेरी मारताना ते एकापाठोपाठ येतात. प्रदक्षिणेत जे क्रमानं दिसतं ते एका कापडावर आणायला हरकत नाही. विजेच्या तारा मात्र मी चित्रात ठेवतो. काही लोकांना त्या खटकतात. गावातलं देऊळ गावातच आहे, त्याच्या आसपास तारा आहेत, घरं आहेत, आणि तारांच्या रेघा भिंतीच्या आडव्या पट्ट्यांना छान छेदतात.

कॅनव्हास म्हणजे कापसाचं जाड, घट्ट विणीचं कापड. अकोला जिल्ह्यातल्या माणसाला कापूस सांगावा लागत नाही. दिवाळी उलटली की आमच्या रस्त्यांवरून कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जाताना दिसतात, आणि त्याच पांढऱ्या तंतूंवर आपण रंगवणार आहोत याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. लाकडी चौकटीवर कापड ताणताना चारही बाजूंच्या मध्यापासून सुरुवात करायची. एका बाजूला पिन मारली की लगेच समोरच्या बाजूला. मग मध्यापासून कोपऱ्यांकडे जायचं आणि कोपरे सर्वांत शेवटी. कोपऱ्यापासून सुरू केलं की कापडाला तिरक्या सुरकुत्या पडतात आणि त्या नंतर निघत नाहीत. ताणलेल्या कापडावर बोट मारलं की ढोलकीचा बारीक आवाज आला पाहिजे.

त्यावर जेसोचे दोन-तीन हात. जेसो म्हणजे पांढरी भुकटी आणि ॲक्रिलिक बंधक यांचं दाट मिश्रण. एक हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा, आणि मध्ये बारीक पॉलिश पेपरनं हलकं घासणं. कापडाला थोडी खरखर ठेवायची. ती ब्रशमधला रंग ओढून घेते. माझ्या विषयाला ती जास्तच हवी, कारण दगडाचा पोत पुढे त्या खरखरीतूनच निघतो.

पांढऱ्या कॅनव्हासवर मी थेट रंगवत नाही. पांढरा इतका उजळ असतो की त्याच्याशेजारी प्रत्येक रंग गडद वाटतो आणि अंदाज चुकतात. म्हणून सगळ्या कॅनव्हासवर बर्न्ट सिएनाचा पातळ हात देतो. हा भाजलेल्या मातीचा तांबूस रंग. चित्रात तो शेवटपर्यंत कुठे ना कुठे दिसत राहतो: दोन दगडांच्या सांध्यात, मूर्तीच्या कडेला, आकाशाच्या निळ्यातून डोकावताना. आमच्याकडच्या सकाळच्या उजेडात ही ऊब असतेच. ती वरून लावण्यापेक्षा खालून आलेली जास्त खरी वाटते.

अजिंठ्याला गेलात तर हाच विचार पंधराशे आणि त्याहून जास्त वर्षांपूर्वीचा दिसतो. तिथला डोंगरही आपल्याच दख्खनच्या बेसॉल्टचा. त्या खडबडीत कातळावर माती, भुसा, वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, मग गेरूच्या रंगाची रेघ, मग रंगांचे थर, आणि शेवटी पुन्हा कडा पक्क्या करणाऱ्या रेघा. जिथे वरचे रंग झडले आहेत तिथे खालची लाल रेघ उघडी पडली आहे, आणि चित्रकाराचा हात पहिल्यांदा कुठून कसा फिरला हे स्पष्ट दिसतं. सहलीला गेलेल्या मुलांना मी पद्मपाणीच्या प्रसिद्ध चित्राआधी असे झडलेले कोपरे दाखवतो. पूर्ण चित्रापेक्षा ते जास्त शिकवतात.

तांबूस जमिनीवर कोळशानं मोठे आकार मांडतो, फडक्यानं झटकतो, आणि पातळ केलेल्या बर्न्ट अंबर या तपकिरी रंगानं ब्रशच्या रेघा पक्क्या करतो. मग मोठा चपटा ब्रश. सुरुवातीला जितका मोठा ब्रश पेलवेल तितका मोठा घ्यावा, म्हणजे तपशिलाचा मोह होत नाही. सावलीचे तुकडे आधी. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर एकत्र केले की एक खोल गडद रंग मिळतो. निळा वाढवला तर सावली थंड होते, तपकिरी वाढवला तर उबदार. ट्यूबमधल्या काळ्यात ही हालचाल नसते. तो जिथे लावाल तिथे भोक पाडल्यासारखा बसतो. देवळाच्या दारातला अंधारसुद्धा मी याच दोन रंगांनी करतो, त्यात किंचित लाल घालून, कारण आत समई असते आणि तो अंधार थंड नसतो.

इथे ॲक्रिलिकची एक खोड लक्षात ठेवावी लागते. ओला असताना बंधक दुधी पांढरा असतो, वाळला की पारदर्शक होतो. म्हणजे ओल्या रंगात एक पांढुरकेपणा मिसळलेला असतो आणि तो वाळताना निघून जातो. त्यामुळे लावताना बरोबर वाटलेला रंग वाळल्यावर एक पायरी गडद दिसतो. गडद निळ्या आणि तपकिरी रंगांत हा फरक सर्वांत ठळक. म्हणून जेसो लावलेल्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर आधी बोटभर रंग ओढायचा, वाळू द्यायचा, आणि मगच कॅनव्हासवर जायचं. एखाद्या मोठ्या भागाला एकच रंग लागणार असेल तर तो भरपूर कालवून झाकणाच्या डबीत ठेवायचा. संपल्यावर तोच रंग पुन्हा तंतोतंत कालवणं फार कठीण असतं.

आणि आमचा उन्हाळा! मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, हवा कोरडी ठक्क. रंग बनवणारे सांगतात की पातळ थर दहा-वीस मिनिटांत वाळतो. इथे ब्रश उचलून पॅलेटकडे नेईपर्यंत कॅनव्हासवरचा रंग वाळलेला असतो आणि पॅलेटवरच्या रंगावर साल धरलेली असते. थंड हवेच्या देशांत लिहिलेली पुस्तकं यावर फार मदत करत नाहीत. आम्ही आमचे उपाय केले. प्लॅस्टिकच्या पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. खालून ओल मिळत राहते आणि झाकण लावलं की रंग दुसऱ्या दिवशीही चालतो. हाताशी पाण्याची फवारणीची बाटली. आणि कूलर. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा दमट असते, खोलीतली ओल वाढते आणि रंगाला थोडा जास्त वेळ मिळतो. मात्र कूलरचा झोत चित्रावर येऊ द्यायचा नाही, नाहीतर वाऱ्यानं उलट लवकर वाळतं. बाजारात वाळणं लांबवणारं मिश्रण मिळतं. ते बेतानं वापरावं, जास्त झालं तर रंग चिकट राहतो.

हिवाळ्याची सकाळ रंगवायला उत्तम, पण फार थंडीत सावध राहावं. साधारण १० अंशांच्या खाली बंधकाचे कण नीट जुळत नाहीत आणि फिल्म कच्ची राहते. डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या कडाक्याच्या पहाटे आमच्याकडेही पारा तिथवर येतो. ऊन वर येईपर्यंत रेखाटन करावं, रंग नंतर.

मोठे तुकडे बसले की कॅनव्हासवर देऊळ दिसू लागतं, पण ते अजून कागदाचं असतं. त्याला दगड करणं हा मधला, लांबचा आणि मला सर्वांत आवडणारा टप्पा. त्यात दोन प्रकारचे थर येतात. एक ग्लेझ: पारदर्शक रंग, ॲक्रिलिक मीडियममध्ये, म्हणजे भुकटीशिवायच्या बंधकात, पातळ केलेला, खालचं सगळं दाखवत फक्त छटा बदलणारा. तपकिरी भिंतीवर अल्ट्रामरीनचा असा एक थर फिरवला की ती सावलीत जाते, पण तिचे दगड, सांधे, उठाव जागच्या जागी राहतात. पाणी घालून फार पातळ करण्यापेक्षा मीडियम घालावं, कारण पाण्यानं बंधकच विरळ होतो आणि थर पुढे सुटू शकतो. दुसरा कोरडा ब्रश: ब्रशवर अगदी थोडा दाट रंग घ्यायचा, फडक्यावर पुसायचा, आणि उरलेला रंग कॅनव्हासवर हलका घासायचा. तो खरखरीच्या उंचवट्यांनाच लागतो, खळगे खालच्या रंगाचे राहतात. येलो ऑकर आणि पांढऱ्याचं मिश्रण असं फिरवलं की आठशे वर्षं ऊनपाऊस खाल्लेल्या दगडाचा पृष्ठभाग दिसू लागतो. हे दोन्ही थर आलटून पालटून चालतात. गडद ग्लेझ, वर उजळ घासणं, पुन्हा ग्लेझ. प्रत्येक थर काही मिनिटांत वाळतो म्हणून एका सकाळीत असे बरेच थर देता येतात. तैलरंगात याला आठवडे जातील. म्हणजे आमच्या उन्हाची घाई मऊ छटा मिसळताना आड येते, आणि थर चढवताना तीच मदतीला येते. वऱ्हाडात राहणाऱ्यानं आपलं चित्र थरांच्या बाजूनं न्यावं असं माझं ठाम मत आहे.

मऊ छटा अजिबात करता येत नाहीत असं नाही. बारीक ब्रशनं शेजारी शेजारी रेघा ओढत एका रंगातून दुसऱ्यात जाता येतं. त्याला सबुरी लागते. डेव्हिड हॉक्नी या इंग्रज चित्रकाराचं १९६७ सालचं 'अ बिगर स्प्लॅश' हे चित्र ॲक्रिलिकमध्ये आहे. कॅलिफोर्नियातला पोहण्याचा तलाव, सपाट निळा रंग, आणि कुणीतरी उडी मारल्यावर उसळलेलं पाणी. ते पाणी उसळून खाली यायला दोन सेकंद लागली असतील. हॉक्नीला लहान ब्रशांनी तेवढा भाग रंगवायला सुमारे दोन आठवडे लागले. लवकर वाळणाऱ्या रंगात काम लवकर होतं, ही समजूत त्या चित्रापुढे टिकत नाही.

काय झाकायचं, याचं मोठं उदाहरण मराठी चित्रकलेतच आहे. विदर्भात साकोलीला जन्मलेल्या शंकर पळशीकरांचे विद्यार्थी प्रभाकर कोलते. जे. जे. स्कूलमध्ये ते शिकले आणि तिथेच त्यांनी शिकवलं. त्यांच्या अमूर्त चित्रांत आधी अनेक रंगांचे, ओघळांचे, आकारांचे थर असतात, आणि मग त्यावर एकाच रंगाचा मोठा विस्तार येतो. तो सगळं झाकत नाही. काही ठिकाणी खालच्या रंगांचे लहान झरोके उघडे राहतात, आणि नजर तिथेच ओढली जाते. माझं चित्र ओळखू येणाऱ्या देवळाचं आणि त्यांचं अमूर्त, तरी हा धडा मी रोज वापरतो. देवळाच्या सावलीतल्या भिंतीवर मी सगळ्या मूर्ती काढलेल्या असतात. मग गडद थरानं त्यातल्या बहुतेक झाकतो. एखाद्या मूर्तीचा खांदा, एखादीचा गुडघा तेवढा वर ठेवतो. पाहणारा उरलेल्या मूर्ती स्वतःच्या डोळ्यांनी पुऱ्या करतो. देवळाजवळ फुलं विकणाऱ्या मावशींनी एकदा चित्र पाहून विचारलं, "अंदारात अजून मूर्त्या हायेत ना?" त्या तिथे होत्याच, दोन थरांखाली, आणि मावशींना त्या दिसल्या याचा मला फार आनंद झाला.

एका टप्प्यावर चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवतो आणि दुसरं काम हाती घेतो. रोज पाहिल्यानं डोळा सरावतो आणि दोष दिसेनासे होतात. काही दिवसांनी वळवून पाहिलं की कुठला कोन लटका आहे, कुठला रंग ओरडतो आहे, ते पहिल्या क्षणी कळतं. चित्र उलटं करूनही पाहावं, आरशातही पाहावं. असं थांबणं म्हटलं की चित्रकार वासुदेव गायतोंडे आठवतात. ते १९२४ साली नागपूरला जन्मले. ते तैलरंगात, रोलर आणि पॅलेट नाइफनं काम करत, आणि वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रं होत. बाकीचा काळ पाहण्यात, थांबण्यात जाई. या थांबण्याला काम म्हणायला आपल्या लोकांची तयारी नसते. चित्रकाराच्या घरच्यांनी तरी ती ठेवावी.

शेवटचे हात सर्वांत कमी आणि सर्वांत धीट. देवळाच्या वरच्या कडेला उन्हाची एक दाट, जवळजवळ पांढरी रेघ. जोत्यापाशी तो तांबडा परतीचा उजेड. कुठल्या कडा धारदार ठेवायच्या, कुठल्या विरघळू द्यायच्या, हेही आता. सगळ्या कडा सारख्या धारदार असल्या की नजर कुठेच ठरत नाही. मी उन्हात येणारा एकच कोन धारदार ठेवतो. एकेक हात दिल्यावर मागे सरकून पाहायचं. पुढचा हात कुठे द्यायचा हे सुचेनासं झालं की सही करायची.

सहीनंतरची काळजी आमच्या हवेत फार महत्त्वाची. ॲक्रिलिकची फिल्म उष्णतेत मऊ होते. उन्हाळ्यात दोन चित्रं तोंडाला तोंड लावून ठेवली तर ती एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना रंग निघतो. मध्ये गुळगुळीत सिलिकॉन लावलेला कागद ठेवावा, शक्यतो चित्रं उभी आणि सुटी ठेवावीत. मऊ फिल्मवर धूळही बसते, म्हणून पूर्ण वाळल्यावर व्हार्निश द्यावं. थंडीत हीच फिल्म ताठ होते, तेव्हा गुंडाळी करू नये. आणि ब्रश धुतलेलं पाणी थेट नालीत ओतू नये. आधी ब्रश कागदावर पुसून घ्यावा, पाणी बादलीत ठेवावं, गाळ खाली बसू द्यावा. त्या गाळात प्लॅस्टिक असतं, आणि आमची नाली विद्रुपा नदीकडेच जाते.

येत्या हिवाळ्यात मुलांना घेऊन महानला काटेपूर्णा धरणावर जायचं आहे. अकोला शहर ज्याचं पाणी पितं तो हा जलाशय आमच्याच तालुक्यात आहे. पाणी रंगवताना देवळाचा क्रम चालणार नाही. तिथे तांबूस जमीन नको. जेसोचा पांढरा उघडा ठेवायचा, कारण पाण्यातला उजेड तिथूनच यायचा आहे, आणि त्यावर निळ्या-हिरव्याचे ग्लेझ, एकावर एक, अगदी पातळ. पलीकडच्या काठावरची झाडी मात्र दाट रंगात, एकाच थरात. मुलांनी आतापासून रंगासाठी झाकणाच्या डब्या गोळा करायला सुरुवात केली आहे.